दमट हवेतही लहान मुलांचे ओठ का फुटतात?

लहान मुलांचे ओठ फुटण्याचे कारण विचारले की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: थंडी. डिसेंबर-जानेवारीपुरते ते बरोबरही असते. पण गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जून ते सप्टेंबर मीठ पाणी सोडते, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि तरीही दीड-दोन वर्षांच्या मुलांचे ओठ लालभडक होतात, त्यांना चिरा पडतात, खपल्या धरतात. चार दिवस बरे वाटते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. हवेत एवढी ओल असताना ओठ कोरडे का पडावेत, हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर हवेत कमी आणि मुलाच्या तोंडात जास्त आहे.

१. ओठावरची पातळ कातडी

शरीराच्या त्वचेवर सर्वांत वर मृत पेशींचे एक कवच असते. आतले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे पदार्थ आत येऊ न देणे ही त्याची दोन कामे. गालावर या कवचात पेशींचे पंधरा-सोळा थर असतात. ओठाच्या लाल भागावर ते तीन ते पाच असतात. खालच्या रक्तवाहिन्या एवढ्या पातळ पडद्यातून दिसतात, म्हणून ओठ लाल दिसतो.

दुसरी उणीव तेलाची. गालाच्या त्वचेखाली तेल पाझरणाऱ्या ग्रंथी भरपूर असतात. ओठाच्या लाल भागावर त्या जवळजवळ नसतात, घामाच्या ग्रंथी तर नसतातच. त्यामुळे स्वतःला वंगण पुरवण्याची सोय ओठाकडे नाही. त्यातून लहान मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा नाजूक, आणि दिवसभर खाणे, चोखणे, रडणे, पुसणे हे सगळे तिच्यावरच चालते.

२. ओलेपणाने येणारा कोरडेपणा

ज्यांचे हात दिवसभर भांड्यांच्या आणि धुण्याच्या पाण्यात असतात त्यांच्याच हातांना भेगा पडतात. पाण्याची कमतरता तिथे नसते. त्वचा सारखी भिजते आणि सारखी सुकते, हे त्याचे कारण. भिजली की कवचाच्या पेशी फुगतात, त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ धुऊन जातो, सुकताना त्या आक्रसतात आणि कवच तडकते. मुलाच्या ओठावर नेमके हेच होते, फक्त पाण्याच्या जागी लाळ असते.

लाळेत सुमारे ९९ टक्के पाणी असले तरी उरलेला भाग निरुपद्रवी नसतो. त्यात क्षार असतात आणि भाता-भाकरीतला पिष्टमय भाग पचवायला सुरुवात करणारी पाचक द्रव्येही असतात. तोंडाच्या आतल्या अस्तराला त्यांची सवय असते. चीर पडलेल्या ओठावर मात्र ती झोंबतात. ओठ झोंबला की मूल त्यावर जीभ फिरवते, घटकाभर गार वाटते, लाळ सुकते आणि ओठ आधीपेक्षा जास्त ताणतो. मग पुन्हा जीभ.

दात येण्याच्या वयात हे चक्र जोरात असते. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि वीसच्या वीस दुधाचे दात अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. या काळात लाळ गळते, मूल मुठी, खेळणी, पदर, जे हाती लागेल ते तोंडात घालते. सर्दीने नाक चोंदले की ते तोंडाने श्वास घेऊ लागते आणि रात्रभर ओठांवरून वारा वाहत राहतो.

दिवसातून दोनदा काहीतरी लावूनही गुण का येत नाही, हे एका साध्या हिशेबाने कळते. समजा, मूल बारा तास जागे आहे आणि दर पाच मिनिटांनी एकदा ओठ चाटते. म्हणजे दिवसात १४४ वेळा ओठ भिजला आणि सुकला. सकाळी आणि संध्याकाळी बोटभर लेप लावला, तो पहिल्या चार-पाच चाटण्यांत पोटात गेला. उरलेल्या सुमारे एकशे पस्तीस वेळा ओठ उघडाच राहिला. दोष बहुधा लेपाचा नसतो. तो टिकला किती हे पाहायचे राहून जाते.

३. चट्टा कुठे आहे

बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत दुखण्याची जागाच बरेच काही सांगते.

ओठांभोवती, खाली हनुवटीकडे आणि वर नाकाकडे, लाल खरखरीत कडे उमटले असेल आणि त्याची बाहेरची कड आखल्यासारखी स्पष्ट असेल, तर ते जीभ जिथवर पोहोचते तिथवरचे वर्तुळ असते. हे चाटण्याचे दुखणे. वरचा ओठ आणि नाकपुड्यांखालचा भाग जास्त लाल असेल तर कारण सर्दीचे पाणी आणि ते पुसण्याचे घर्षण. हनुवटी, मान आणि छातीवर पुरळ असेल तर गळणारी लाळ, आणि तिच्याने ओले झालेले, वेळेवर न बदललेले लाळेरे. सकाळी उठल्यावर ओठ सर्वांत वाईट दिसत असतील आणि मूल झोपेत घोरत असेल, तर तोंडाने श्वास घेण्याचा संशय धरावा. कधी त्यामागे नाकाच्या मागच्या भागातली वाढलेली गाठ, म्हणजे ॲडेनॉइड, असते.

तोंडाचे कोपरे फाटणे हा वेगळा प्रकार आहे. कोपऱ्याच्या घडीत लाळ साचते, तिथे कँडिडा नावाची बुरशी किंवा त्वचेवरचे जिवाणू वाढतात. कोपरा पांढुरका, ओलसर दिसतो आणि जांभई दिली की चिरतो. नुसत्या तुपा-तेलाने तो हटत नाही, कारण तिथे जंतुसंसर्ग असतो. गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रकार विशेष त्रास देतो. ज्या मुलाच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणांतही खाजरी, कोरडी कातडी आहे, त्याचे ओठ हे त्याच्या एकूण त्वचेच्या दुखण्याचा, इसबाचा, एक भाग असतात.

४. गोव्याचे ऋतू

हिवाळ्यात गोव्यात पहाटे आणि सकाळी सह्याद्रीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते जमिनीवरून येतात म्हणून कोरडे असतात. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुरू झाले की हवेत पुन्हा ओलावा येतो. डोंगराजवळ असलेल्या डिचोलीच्या पूर्वेकडील गावांना सकाळचा कोरडेपणा अधिक जाणवतो. हरमल, मोरजी, मांद्रे या पेडण्याच्या किनारी गावांत तो सौम्य असतो. जानेवारीत पणजीचे सरासरी किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आतल्या भागात त्याहून कमी. घरातल्या बाटलीत खोबरेल गोठू लागले की थंडी आली, हा जुना हिशेब ओठांनाही लागू पडतो: ते गोठायचे तापमान सुमारे २४ अंश आहे.

किनाऱ्यावर थंडीपेक्षा मिठाचा त्रास मोठा. समुद्रात खेळलेल्या मुलाच्या ओठावरचे पाणी सुकते आणि मीठ मागे राहते. गोड्या पाण्याने तोंड धुतल्यावाचून मुलाला वाळूतून घरी आणू नये. डिचोली भागात खाणीच्या आणि रस्त्याच्या तांबड्या धुळीने नाक चोंदणारी मुले तोंडाने श्वास घेऊ लागतात, हा धुळीचा आडवाटेने होणारा परिणाम.

मात्र ओठांच्या दृष्टीने गोव्याचा खरा कसोटीचा ऋतू उन्हाळा आहे.

५. काजू, आंबा आणि मिरची

मार्च ते मे हा पेडणे, डिचोली आणि शेजारच्या सत्तरीच्या डोंगरउतारांवर काजूचा हंगाम. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेले हे झाड आता इथल्या अर्थकारणाचा आधार झाले आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगामात घरातली मोठी माणसे बागेत असतात आणि लहान मुले त्यांच्या बरोबर.

काजूच्या बीला बाहेरचे जाड टरफल असते. त्या टरफलाच्या जाळीदार थरात तपकिरी, चिकट तेल भरलेले असते. त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्ये असतात आणि ती कातडी भाजल्यासारखी सोलवटतात. कच्ची बी चावणारे किंवा टरफल तोंडात धरणारे मूल ओठांवर फोड घेऊन येते. बिया गोळा केलेल्या हातांनी मुलाचे तोंड पुसले तरी तेच होते. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, खाऊन होणारी घशाची खवखव आणि तोंडाचा कोरडेपणा हा त्यातल्या तुरट द्रव्यांचा सौम्य परिणाम. टरफलाच्या तेलाशी त्याची गल्लत करू नये. तेल लागले असे वाटताच ओठ साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावेत, मग साध्या पाण्याने, आणि त्यानंतरच स्निग्ध लेप लावावा. आधीच तेलकट काही चोळले तर टरफलाचे तेल पसरते.

आंबा काजूच्याच कुळातला. बिब्बाही त्याच कुळातला आहे, आणि बिब्ब्याने अंगावर उतते हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आंब्याच्या देठाजवळच्या चिकात आणि सालीत टरफलाच्या तेलाशी नाते सांगणारी द्रव्ये असतात. मानकुराद आंबा हातात धरून, साल दाताने सोलून, चोखून खाण्यातली मजा मान्य केली तरी दोन वर्षांच्या मुलाच्या ओठांना ती महाग पडू शकते. पुरळ बहुधा त्याच दिवशी उठत नाही. एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून संशय आंब्यावर न जाता त्या दिवशी खाल्लेल्या भलत्याच पदार्थावर जातो. उपाय सोपा आहे: देठ कापून आंबा तासभर पाण्यात ठेवावा, धुवावा, साल काढावी आणि फोडी करून द्याव्यात. आंबा बंद करण्याची गरज सहसा पडत नाही.

तिखटाचेही थोडे सांगायला हवे. पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हुमणातल्या, म्हणजे मासळीच्या कालवणातल्या, मिरचीचा अंश चिरलेल्या ओठाला लगेच कळतो. मिरचीतले झोंबणारे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे पाणी पाजण्यापेक्षा दूध किंवा दही दिलेले बरे. ओठ बरे होईपर्यंत कढी, लोणचे, लिंबू, अननस आणि खारे पदार्थ मुलाच्या ताटापासून दूर असावे. पेज, मऊ भात, केळे यांवर आठवडा सहज निघतो.

६. काय लावावे

ओठाला लावायच्या पदार्थाकडून तीन अपेक्षा असतात. त्याने लाळ आणि कातडी यांच्यामध्ये पडदा धरावा, चाटला गेला तरी अपाय करू नये आणि त्याला चव किंवा वास नसावा. तिसरी अट बहुतेक जण विसरतात. स्ट्रॉबेरीच्या चवीचा बाम हे मुलाला ओठ चाटण्याचे निमंत्रणच असते. मधाचेही तसेच, शिवाय एक वर्षाखालच्या मुलाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

या अटींवर सर्वांत सरळ उतरते ती साधी, वासरहित, पांढरी पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. ती त्वचेत मुरत नाही, वरच बसते आणि पाणी अडवते, एवढेच तिचे काम. ओठांपुरती पोटात गेली तरी त्रास होत नाही.

गोवा आणि कोकणाकडे स्वतःचा एक जुना उपाय आहे, आणि तो शास्त्राच्या कसोटीवरही चांगला टिकतो. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, फळे उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने या फळाची नोंद केली आहे. सालीची सोलां, म्हणजे आमसुले, होतात. उरलेल्या बिया सुकवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर स्निग्ध थर तरंगतो. तो गार झाला की घट्ट होतो आणि त्याचे गोळे वळून ठेवतात. हेच कोकम तेल, मुठेल. टाचांच्या भेगांना आणि उललेल्या ओठांना ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते.

त्याचा गुण त्याच्या वितळण्यात आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे गोव्यात ते बहुतेक दिवस पातळच असते आणि ओठावरून मिनिटभरात ओघळते किंवा चाटले जाते. कोकमाचे तेल ४० अंशांच्या आसपास वितळते. ओठाचे तापमान त्याहून कमी असते, त्यामुळे ते तिथे घट्ट राहते. नुसते लावायला मात्र ते फार कडक असते, आणि चिरलेल्या ओठावर कडक गोळा घासणे म्हणजे त्रासच. यासाठी एक चमचा कोकम तेल आणि दोन ते तीन चमचे खोबरेल गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत एकत्र वितळवावे, गाळावे आणि कोरड्या, झाकणाच्या डबीत ओतावे. थंडीत खोबरेल वाढवावे, उन्हाळ्यात कमी करावे. बोट धुवून, पुसूनच डबीत घालावे.

घरचे साजूक तूपही चालते. साय चालत नाही: तिच्यातले दूध ओठावर नासते, आणि मुलाला दुधाची ॲलर्जी असेल तर तुपाबाबतही सावध राहावे लागते.

बेंबीत तेलाचे दोन थेंब घातले की ओठ फुटत नाहीत, असा समज महाराष्ट्रात आणि गोव्यात सारखाच पसरलेला आहे. नाळ गळून पडल्यावर तिच्यातून गेलेल्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि बेंबीपासून ओठापर्यंत तेल नेणारा कोणताही मार्ग शरीरात उरत नाही. नुकसान काही नाही. पण तेच दोन थेंब ओठाला लावले तर निदान वाया जात नाहीत.

७. कधी आणि कसे

लेप दुखल्यावर लावण्याचा नसून भिजण्याआधी लावण्याचा आहे. दूध पाजण्याआधी, भरवण्याआधी, बाहेर नेण्याआधी, दात घासण्याआधी आणि झोपताना, असे पाच वेळा तरी लावावे. मधल्या वेळेत पुसले गेले की पुन्हा. प्रत्येक वेळी तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा पुरतो. रात्रीचा थर जाड असावा, कारण झोपेत मूल चाटत नाही आणि ओठाला भरून यायला सलग वेळ मिळतो. बहुतेक मुलांमध्ये एवढ्या नेमाने आठवड्याभरात फरक दिसतो.

लेपाआधी जुन्या साडीच्या मऊ तुकड्याने, कोमट पाण्यात भिजवून, ओठ टिपावेत. पुसू नयेत. खपली ओढू नये. कोमट पाण्याने जी आपण होऊन सुटेल तेवढीच काढावी. लाळेरे ओले झाले की बदलावे. टूथपेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच लागते. पुदिन्याची आणि फार फेसाळणारी पेस्ट ओठांना झोंबते. दात घासल्यावर तोंडाभोवतीचा फेस धुवायला विसरू नये.

मुलाला "चाटू नको" असे सारखे सांगण्याने चाटण्याची आठवणच होते. हातात काहीतरी देणे, पाणी प्यायला लावणे, बोलण्यात गुंतवणे याचा जास्त उपयोग होतो. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाबरोबर लेपाची छोटी डबी द्यावी आणि बाईंना सांगून ठेवावे. घरी सांभाळलेले ओठ तिथल्या चार तासांत पुन्हा फुटतात.

८. काय लावू नये

कापूर, मेंथॉल किंवा निलगिरी असलेले बाम मुलाच्या ओठांवर लावू नयेत. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. हिरड्या बधिर करणारी जेलही दोन वर्षांखाली टाळावीत.

दुकानातून परस्पर आणलेले मलम हा यापेक्षा मोठा प्रश्न आहे. एकाच नळीत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असलेली मलमे दोन दिवसांत लाली घालवतात, म्हणून ती घरोघरी असतात. बंद केली की लाली परत येते, पुन्हा लावली जातात, आणि काही आठवड्यांत तोंडाभोवती बारीक पुटकुळ्यांचे वेगळेच दुखणे उभे राहते. सौम्य स्टेरॉइड कधी लागतेही. किती दिवस आणि कुठे लावायचे हे डॉक्टरांनी ठरवावे.

९. आहाराचा वाटा

कोपरे पुन्हा पुन्हा फाटत असतील तर जीवनसत्त्व ब२, ब१२ किंवा लोह कमी आहे का, हे पाहावे लागते. देशात लोहाची कमतरता आणि रक्तक्षय मुळीच दुर्मीळ नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. दिवसभर दुधावर राहणारे आणि जेवण टाळणारे मूल यात सहज सापडते, कारण दुधात ब२ भरपूर असले तरी लोह नगण्य असते. नाचणीचे तिझान, तांबडी भाजी, अंडे, काटे नीट काढलेला बांगडा, डाळी हे पदार्थ इथल्या स्वयंपाकघरात असतातच. जीवनसत्त्वाची औषधे मात्र तपासणीवाचून सुरू करू नयेत.

१०. डॉक्टरांकडे केव्हा

दोन आठवडे नेमाने काळजी घेऊनही फरक नसेल, कोपरे फाटलेले राहत असतील किंवा मधाच्या रंगाच्या खपल्या धरत असतील, तर पेडणे, डिचोली किंवा साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. खपल्यांचा तो रंग जिवाणूंच्या संसर्गाची खूण आहे आणि तो संसर्ग घरातल्या इतर मुलांनाही लागतो. ताप, तोंडात फोड, लाळेचा पूर आणि पाणीही न पिणे हे एकत्र आले तर विषाणूजन्य आजार असू शकतो. अशा वेळी ओठांपेक्षा शरीरातले पाणी कमी होण्याची काळजी मोठी. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर थांबू नये.

एक आजार क्वचित होतो, पण चुकला तर महागात पडतो. पाच किंवा अधिक दिवस टिकलेला ताप, लाल होऊन तडकलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी लाल जीभ, चिपडे नसलेले लाल डोळे, अंगावर पुरळ आणि सुजलेले हातपाय अशी त्याची लक्षणे आहेत. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये याचे वर्णन केले आणि आजाराला त्यांचेच नाव मिळाले. यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, आणि पहिल्या दहा दिवसांत शिरेतून औषध दिले तर ती बरीच टाळता येते. सगळी लक्षणे एका दिवशी दिसत नाहीत, म्हणून तापाची सुरुवात कोणत्या तारखेला झाली हे लिहून ठेवावे. संशय आला तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, हृदयाची सोनोग्राफी होणाऱ्या ठिकाणी मूल न्यावे लागते.

आणि काजू, शेंगदाणे, अंडे किंवा मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला किंवा श्वास घरघरू लागला, तर ती ॲलर्जीची तातडीची अवस्था असते. तिथे लेप, तूप, घरगुती काढा यांत एक क्षणही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मुलाने काय, किती वाजता खाल्ले ते सोबतच्या माणसाने डॉक्टरांना सांगावे.